माजी नगराध्यक्षांचे दप्तर आणि स्कॅनिंगची एजन्सी

जुन्या कागदपत्रांचे डिजिटायझेशन करून देणाऱ्या एजन्सी आता गोव्यातही सहज मिळतात. त्यांतल्याच एका एजन्सीकडून आमच्या वाचनालयाने उत्तर गोव्यातील एका नगरपालिकेच्या दिवंगत माजी नगराध्यक्षांच्या कागदपत्रांचे काम करून घेतले. काम संपले, बिल चुकते झाले, हार्ड डिस्क ताब्यात आली आणि तिच्यातला मजकूर आम्ही तपासून पाहिला, म्हणून हे परीक्षण लिहिता येत आहे. एजन्सीचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. असे काम देऊ पाहणाऱ्या इतर वाचनालयांना आणि घराण्यांना नेमके काय पाहून घ्यावे हे कळले तर पुरे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : या मंडळींचे स्कॅनिंग वाखाणण्यासारखे आहे, त्यांनी केलेली नोंदणी कच्ची आहे, आणि त्यांच्याकडून संकेतस्थळ करून घेऊ नये.

प्रथम संग्रहाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण कामाचे मोल संग्रहाच्या स्वभावावर ठरते. गोव्यात महापौर आहे तो फक्त पणजीला, तोही 2002 साली महानगरपालिका झाल्यापासून. बाकीच्या तेरा शहरांचा कारभार 1968 च्या नगरपालिका कायद्याखाली नगराध्यक्षांच्या हाती असतो, आणि अविश्वास ठरावाची टांगती तलवार डोक्यावर असल्यामुळे कोण किती काळ खुर्चीवर राहील याचा नेम नसतो. अशा माणसाच्या घरी साठलेले दप्तर सरकारी दफ्तरासारखे शिस्तबद्ध कधीच नसते. आमच्याकडे आलेल्या संग्रहात पातळ कागदावरच्या कार्बन प्रती, नागरिकांचे अर्ज, सभांच्या कार्यक्रमपत्रिका, भाषणांचे कच्चे खर्डे, रोजनिश्या, वर्तमानपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे, बाजाराच्या नकाशाच्या निळ्या प्रती, काही ऑडिओ कॅसेट, फ्लॉपी आणि सीडी एवढा पसारा होता. त्याशिवाय घराण्यात आधीपासून चालत आलेले, पोर्तुगीज काळातील काम्राशी, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेशी, झालेल्या व्यवहारांचे, मुद्रांकित कागदावरचे काही दस्तऐवजही त्यात मिसळलेले होते. भाषा मराठी, कोकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज. कोकणी पुन्हा देवनागरीत आणि रोमी लिपीत अशी दोन्हींत.

कुठल्याही स्कॅनरला हात लावण्यापूर्वी यातले काय कोणाचे हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो एजन्सीने सोडवायचा नसतो. नगराध्यक्ष म्हणून सही केलेला मूळ कागद कचेरीचा असतो, त्याची जवळ ठेवलेली प्रत आणि स्वतःची रोजनिशी त्या व्यक्तीची असते. न्यू यॉर्कचे महापौर रुडॉल्फ जुलियानी यांची कारकीर्द 2001 अखेर संपली, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीचे दफ्तर एका खासगी संस्थेच्या हवाली करण्यात आले आणि शहराची कागदपत्रे शहराच्या अभिलेखागारातच राहायला हवीत असे म्हणत इतिहासकार व अभिलेखपालांनी मोठी ओरड केली. आपल्याकडे ओरड होत नाही, कागद माळ्यावर जातात एवढाच फरक. आमच्या संग्रहात निघालेली नगरपालिकेची मूळ कागदपत्रे पावती घेऊन पालिकेला परत करण्यात आली आणि त्यांच्या प्रतिमा कुटुंबीयांच्या व पालिकेच्या संमतीने संग्रहात ठेवल्या. एजन्सीने याची पोच व्यवस्थित ठेवली, प्रत्येक गठ्ठा घेताना आणि परत देताना सही घेतली आणि एकही कागद गहाळ झाला नाही. ही गोष्ट साधी वाटेल, परंतु ज्यांनी छपाईला दिलेले जुने फोटो परत मिळवण्यासाठी खेपा घातल्या आहेत त्यांना तिची किंमत कळेल.

आता प्रत्यक्ष स्कॅनिंग. कागद सरकवत नेणारे यंत्र त्यांनी एकदाही वापरले नाही, हे पहिले पुण्य. वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर आणि खाली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पाळणा, ज्यात बांधीव वही पूर्ण न उघडता ठेवता येते, अशी त्यांची मांडणी होती. टाचण्या आणि स्टेपल गंजून कागदाला चिकटलेले असतात, ते ओढून न काढता पाठीमागून त्यांचे पाय सरळ करून सोडवण्याचे काम एक तरुण मुलगी इतक्या सावकाशीने करत होती की पाहणाऱ्याचाच धीर सुटावा. कागद 400 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 400 ठिपके या बारकाईने, आणि छायाचित्रे 600 वर, सगळी पूर्ण रंगांत, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीला रंगांची पट्टी ठेवून. काळ्या शाईचा कागद रंगात कशाला स्कॅन करायचा, असा प्रश्न आमच्या समितीतही निघाला होता. नगराध्यक्षांचे शेरे लाल पेन्सिलीत, मुख्याधिकाऱ्यांचे हिरव्या शाईत आणि कारकुनाचे निळ्या शाईत असतात, आणि कोणी काय म्हटले हे त्या रंगांवरूनच कळते, एवढे उत्तर पुरेसे होते.

कार्बन प्रतींचे कामही नीट झाले. त्या पातळ कागदाआडून खालच्या पानाची अक्षरे दिसतात, म्हणून प्रत्येक पानाखाली पांढरा जाड कागद सरकवला जात होता. नव्वदच्या दशकातील फॅक्स उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असल्यामुळे आपोआप पुसट होत जातात. ते एजन्सीने आम्ही न सांगताच सर्वांत आधी घेतले, याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण. पावसाळ्यात हवेतील ओल शिगेला पोचते आणि कागदावर बुरशी चढते, तेव्हा बुरशी लागलेले गठ्ठे वेगळ्या खोलीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने साफ करूनच टेबलावर येत. कागद लॅमिनेट करून देण्याची सूचना मात्र त्यांच्या मालकांकडून आली आणि ती आम्ही तिथल्या तिथे फेटाळली. प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद आतल्या आत कुजतो आणि ते प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही.

तक्रारीची सुरुवात कागदाच्या पाठीपासून होते. स्कॅनरबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोरी पाने आपोआप वगळण्याची सोय असते. एजन्सीने ती चालू ठेवली होती. आता नगराध्यक्षांची सवय अशी की अर्ज वाचून झाला की तो उलटा करून पाठीवर फिकट पेन्सिलीने दोन शब्द लिहायचे. बाजारातल्या एका गाडेवाल्याने सोपोच्या, म्हणजे बाजारात बसण्याच्या कराच्या, वसुलीविरुद्ध केलेला अर्ज आम्ही तपासणीसाठी सहज उचलला. समोरच्या बाजूला अर्ज, आवक क्रमांक आणि शिक्का, सगळे स्वच्छ. पाठीवर मूळ कागदात 'ठेकेदारास बोलावणे, पावती पुस्तक पाहणे' असे पेन्सिलीने लिहिलेले आहे आणि त्याखाली तारीख आहे. प्रतिमांमध्ये ही पाठ नव्हतीच, कारण यंत्राच्या मते ती कोरी होती. अर्ज आला एवढेच त्या प्रतिमेवरून सिद्ध होते. नगराध्यक्षांनी त्यावर काय केले, हा ज्यासाठी संग्रह करायचा तो भाग, नेमका गळाला होता. निदर्शनास आणून दिल्यावर एजन्सीने तक्रार न करता सगळे गठ्ठे पुन्हा घेतले, हे मान्य केले पाहिजे. पण काम ठोक रकमेवर दिलेले असले की पाने कमी भरण्यात एजन्सीचाच फायदा असतो, आणि प्रत्येक बाजूचा वेगळा दर ठरवला तर पाठी आपोआप सापडू लागतात. कंत्राट करणाऱ्यांनी ही एक ओळ लक्षात ठेवावी.

याहून मोठी उणीव आहे ती क्रमाची. हे दप्तर नगराध्यक्षांनी आपल्या पद्धतीने बांधलेले होते : एका प्रश्नाचे सगळे कागद एका फायलीत, मग तो अर्ज असो, कात्रण असो, फोटो असो वा भाषणाचा खर्डा. कचरा टाकण्याच्या जागेवरून झालेल्या वादाची फाईल उघडली तर आधी गावकऱ्यांचा अर्ज, त्याला लागून त्याच आठवड्याचे कात्रण, कात्रणाच्या कडेला त्यांचा शेरा, मग कोमुनिदादकडे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, जागेची विचारणा करणाऱ्या पत्राची कार्बन प्रत आणि शेवटी सभेत वाचायच्या निवेदनाचा खाडाखोड केलेला खर्डा, असा तो सिलसिला होता. एजन्सीने हे सगळे 'पत्रे', 'कात्रणे', 'छायाचित्रे', 'भाषणे' अशा चार फोल्डरांत वाटून तारखेप्रमाणे लावून दिले. लग्नाच्या अल्बममधले फोटो माणसांच्या उंचीप्रमाणे लावून द्यावेत तसा हा प्रकार झाला. प्रत्येक कागद शाबूत आहे, पण कुठला कागद कुठल्या कागदाचे उत्तर आहे हे सांगणारी गोष्ट गेली.

अभिलेखशास्त्रात मूळ क्रम जपणे हा प्राथमिक नियम आहे आणि गोव्यात तर तो नव्याने शिकवायची गरज पडू नये. पणजीच्या पुराभिलेख खात्याची परंपरा 1595 साली पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दो कौतु यांच्या नेमणुकीपासून सुरू होते. तिथले 'मोंसोंइश दु रैनु' हे खंड लिस्बनशी जहाजांमार्फत चाललेल्या पत्रव्यवहाराचे आहेत आणि त्यांचे नावसुद्धा त्या जहाजांना वाहून आणणाऱ्या मोसमी वाऱ्यांवरून पडलेले आहे. कागद कसा आला हे त्या मांडणीतच नोंदलेले राहिले, म्हणून आजचा अभ्यासक त्यातून काही काढू शकतो. महापौरांच्या कागदपत्रांपुरते बोलायचे तर न्यू यॉर्कच्या लागार्डिया कम्युनिटी कॉलेजमध्ये 1982 साली स्थापन झालेल्या अभिलेखागाराकडे पाहावे. फिओरेलो लागार्डिया, रॉबर्ट वॅग्नर, एब्राहम बीम, एड कॉच अशा महापौरांचे संग्रह तिथे आहेत आणि कागदाचा पत्ता पेटी आणि फोल्डर यांच्या आधारे दिला जातो. त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडे नाही हे खरे, परंतु फायलीच्या पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा टिपून त्या फायलीचे एक फोल्डर करायला पैसा लागत नाही. शेवटी मूळ फायलींच्या याद्या आमच्याकडे असल्यामुळे आमच्या दोन ज्येष्ठ सभासदांनी तो क्रम पुन्हा लावला. एजन्सीच्या बिलातील 'वर्गीकरण' या सदराखालची रक्कम आम्ही का दिली, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारला गेला आणि तो रास्तच होता.

नोंदणीबद्दल लिहायचे तर डब्लिन कोअर या पंधरा घटकांच्या आराखड्याप्रमाणे प्रत्येक कागदाची नोंद होईल असे कोटेशनमध्ये लिहिले होते. आराखडा पाळला गेला, भरणा मात्र नावापुरता झाला. 'शीर्षक' या रकान्यात 'पत्र', 'विषय' या रकान्यात 'पत्रव्यवहार' आणि 'भाषा' या रकान्यात रोमी अक्षरे दिसली की सरसकट 'पोर्तुगीज'. त्यामुळे विहिरीचे पाणी गढूळ झाल्याची रोमी कोकणीत केलेली एका बाईची तक्रार पोर्तुगीज दस्तऐवजांत जाऊन बसली. ज्याला ती शोधायची आहे तो तिथे कधीच पाहणार नाही. नावांचा घोळ याहून अवघड. एकाच घराण्याचे नाव जुन्या कागदात कामोतीं आणि नव्यात कामत, कुठे सिनाय तर कुठे शेणवी, कुठे पोरोबो तर कुठे प्रभू. म्हापशाचे रोमी स्पेलिंगही कागदागणिक बदलते. अशा सगळ्या रूपांना एका प्रमाण नोंदीखाली आणून बाकीची रूपे पर्यायी म्हणून ठेवायची असतात. डेटा एंट्रीसाठी परप्रांतातून घेतलेल्या मुलांना हे माहीत असावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, पण मग ते काम अंगावर घेऊ नये. गावातला निवृत्त तलाठी किंवा पालिकेचा जुना हेडक्लार्क हे काम चहाच्या दोन कपांत अधिक चांगले करील.

मजकूर शोधता येण्यासाठी अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर लावले होते. छापील मराठी आणि इंग्रजीवर ते बरे चालते. टंकलिखित मराठीवर चुका वाढतात आणि हस्ताक्षरावर त्याचा काही उपयोग होत नाही, आणि हे एजन्सीने आधीच मोकळेपणाने सांगितले होते. विक्रेत्याकडून असा मोकळेपणा क्वचित दिसतो. फ्लॉपी आणि सीडींच्या बाबतीत मात्र त्यांनी हात झटकले. त्यांतली मराठी पत्रे युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संगणकीय पद्धत सर्वत्र रुजण्यापूर्वीच्या, श्रीलिपी आणि आकृती यांसारख्या पॅकेजांच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. एजन्सीने या फायली जशा होत्या तशा कॉपी करून 'खराब' असा शेरा मारला. त्या खराब नाहीत. योग्य फॉन्ट मिळवून, रूपांतर करून आणि सोबत मूळ फाईल राखून ते पत्र पीडीएफ-ए या दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेल्या प्रकारात ठेवता येते, आणि आमच्याच एका डीटीपीवाल्याने ते करून दिले. नव्वदनंतरचा कोणाही नगराध्यक्षाचा संग्रह घेणाऱ्यांना ही अडचण येणारच, तेव्हा कंत्राटातच तिचा उल्लेख असावा.

साठवणीचा भाग समाधानकारक. मूळ प्रतिमा न दाबता, म्हणजे फाईलचा आकार न घटवता, टिफमध्ये आणि वापरायच्या प्रती जेपेगमध्ये, असे दोन संच मिळाले. 400 डीपीआयवरचे ए-फोर आकाराचे एक पान पूर्ण रंगांत सुमारे 46 एमबी जागा घेते, त्यामुळे पेन ड्राइव्हवर संग्रह मागणाऱ्यांनी तो नाद सोडावा. प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे फाईलमध्ये एक बिट जरी बदलला तरी लगेच कळेल असा आकडा, वेगळ्या यादीत दिला होता. आम्ही तो पडताळून पाहिला आणि सगळे जुळले. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा सर्वमान्य नियम पाळायला एजन्सीने एकच हार्ड डिस्क दिली होती. दुसरी आम्ही विकत घेतली आणि ती घाटावर एका सभासदाच्या घरी ठेवली आहे, कारण किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत यंत्रे किती टिकतात हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

संकेतस्थळाविषयी अधिक कडक शब्द वापरणे भाग आहे. चाचणीसाठी म्हणून एजन्सीने सगळा संग्रह कोणालाही उघडता येईल अशा पत्त्यावर चढवला. नगराध्यक्षांकडे लोक काय घेऊन येतात याची कल्पना असलेला माणूस असे करणार नाही. भावाने भिंत घातली, नवरा दारू पितो, घरपट्टी भरायला पैसे नाहीत, मुलीच्या आजारासाठी मदत हवी, असे अर्ज त्यात आहेत आणि अर्जदारांपैकी पुष्कळजण अजून त्याच वाड्यावर (वस्तीत) राहतात. ज्या विश्वासाने तो कागद दिला गेला तो नगराध्यक्षांवरचा होता, गुगलवरचा नव्हे. शिवाय पत्रातील मजकुराचा स्वामित्वहक्क पत्र लिहिणाऱ्याचा असतो, तो पत्र मिळालेल्याकडे जात नाही, आणि 1957 च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या मृत्यूनंतरही टिकतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदाही आता आहे. आम्ही ते पान त्याच दिवशी बंद करायला लावले. सध्या भाषणे, कार्यक्रमपत्रिका, सार्वजनिक समारंभांचे फोटो आणि कात्रणांची केवळ सूची एवढेच खुले करायचे असे ठरले आहे. अर्ज वाचनालयात येऊन, कारण नोंदवून, नावे झाकलेल्या प्रतींत पाहता येतील.

दराच्या बाबतीत एजन्सी स्वस्त नाही, तरी स्कॅनिंगपुरता दर कामाच्या मानाने योग्य वाटला. वेळ मात्र बोलल्यापेक्षा बराच अधिक लागला, चवथीच्या सुटीत तर कार्यालयाला कुलूपच होते, आणि गोव्यात त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही. मालकांचे बोलणे अदबीचे, तक्रार ऐकून घेण्याची तयारी खरी, आणि पाठी पुन्हा स्कॅन करताना त्यांनी जादा पैसे मागितले नाहीत.

कोणी विचारले तर मी या एजन्सीचे नाव खुशाल सुचवीन, परंतु फक्त स्कॅनिंगसाठी. गठ्ठ्यांचे क्रमांक, फायलींच्या याद्या आणि कागदावरच्या नावांची ओळख हे सगळे आधी आपल्या माणसांनी वहीत उतरवावे, ती वही एजन्सीच्या टेबलावर उघडी ठेवावी आणि फोल्डरांची नावे तिच्याबरहुकूम देण्याची अट घालावी. वर्गीकरण, नोंदणी आणि संकेतस्थळ ही तीन सदरे कोटेशनमधून काढून टाकली तर रक्कमही बरीच खाली येते. आमच्या ऑडिओ कॅसेट अजून व्हायच्या आहेत. त्या 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर वेव्ह फाईलमध्ये उतरवून हव्या आहेत, आणि त्यासाठी याच एजन्सीचे कोटेशन आम्ही मागवले आहे, या वेळी एका सदराचे.